गाळणीवर उरलेले सत्य

इटलीतील पाविया येथील विद्यापीठात दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी निसर्गशास्त्राचे एक प्राध्यापक होते. ते कॅथलिक धर्मगुरू होते आणि वसंत ऋतू आला की बेडूक पकडून आणून त्यांच्या नरांना मेण लावलेल्या रेशमी कापडाच्या चिमुकल्या तुमानी घालीत असत. हा चेष्टेचा प्रकार नव्हता. मनुष्यजातीला आरंभापासून पडलेल्या एका प्रश्नाचे उत्तर ते शोधीत होते : नव्या जिवाच्या निर्मितीत पित्याचा वाटा नेमका कोणता?

लाझारो स्पालांझानी हे त्या धर्मगुरूंचे नाव. अन्नपचन, सूक्ष्मजंतू, वटवाघळे, ज्वालामुखी अशा नाना विषयांत त्यांनी संशोधन केले; परंतु येथे आम्ही त्यांच्या एकाच कार्याचा विचार करणार आहोत. त्यास कारण आहे. लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की आपल्या समाजात बोट प्रथम सुनेकडे वळते. नवस तिने करावयाचे, औषधे तिने घ्यावयाची, बारशाच्या घरी मागे तिने उभे राहावयाचे. 'वांझ' हा शब्द आपल्या भाषेत स्त्रीलाच चिकटलेला आहे. पुरुषासाठी त्या तोडीचा शब्द लोकांच्या ओठांवर सहसा येत नाही. या अन्यायामागे जे अज्ञान आहे, ते दूर करण्याच्या कामी एका धर्मगुरूचा मोठा हातभार लागला, हे आपल्या कुटुंबांना ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

स्पालांझानी यांचा जन्म १२ जानेवारी १७२९ रोजी उत्तर इटलीतील स्कांदियानो या गावी झाला. वडील वकील होते. पंधराव्या वर्षी मुलगा रेज्जो येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात गेला. त्याची बुद्धी पाहून येशूसंघीय आणि डॉमिनिकन या दोन्ही संघांना तो आपल्याकडे यावा असे वाटू लागले; परंतु वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो कायद्याच्या अभ्यासासाठी बोलोन्याला गेला. बोलोन्या नगरी तेव्हा पोपमहोदयांच्या राज्यात मोडत होती, आणि तेथील विद्यापीठात लाउरा बास्सी या त्यांच्या नात्यातील विदुषी पदार्थविज्ञान शिकवीत होत्या. एका स्त्रीने विद्यापीठात अध्यापन करावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. बोलोन्याचे पूर्वीचे आर्चबिशप, म्हणजेच पोप चौदावे बेनेडिक्ट, यांनी १७४५ साली त्यांना तेथील निवडक विद्वानांच्या मंडळात स्थान देऊन त्यांच्या कार्यास पाठबळ दिले होते. लाउराबाईंच्या सहवासात तरुण लाझारोला निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लागली. कायदा मागे पडला. पुढे त्यांनी गुरुदीक्षा घेतली, रेज्जो आणि मोदेना येथे अध्यापन केले आणि १७६९ साली ते पावियाला प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १७९९ च्या फेब्रुवारीत देहावसान होईपर्यंत पाविया हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

त्यांच्या वृत्तीची ओळख पटवणारा एक वाद येथे सांगितला पाहिजे. जॉन टर्बरव्हिल नीडहॅम हे इंग्रज शास्त्रज्ञ, आणि तेही कॅथलिक धर्मगुरूच. मांसाचा रस तापवून बाटलीत बंद केला तरी त्यात सूक्ष्म जीव आपोआप उत्पन्न होतात, असे त्यांनी १७४८ साली मांडले होते. स्पालांझानी यांनी काचेच्या कुप्यांची तोंडे वितळवून बंद केली, त्या बराच वेळ उकळल्या, आणि आत काहीही उत्पन्न होत नाही असे १७६५ साली प्रसिद्ध केले. दोघेही एकाच वेदीचे सेवक. परंतु एकाने दुसऱ्याचे म्हणणे केवळ झग्याकडे पाहून मान्य केले नाही. वाद धर्मपीठापुढे गेला नाही. तो कुप्यांपुढे गेला. प्रयोगाच्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगानेच द्यावयाचे, हा त्यांचा बाणा होता.

आता मूळ विषयाकडे वळू. पुरुषाच्या वीर्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात, हे हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हनहुक यांनी १६७७ साली स्वतः घडवलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवताना, आपण तपासलेला नमुना वैवाहिक संबंधानंतर उरलेला होता, कोणत्याही पापकर्माने मिळवलेला नव्हता, अशी ग्वाही त्यांनी आवर्जून दिली होती. परंतु हे जीव काय करतात? येथे विद्वानांचे दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, संपूर्ण मनुष्य या शुक्रजंतूतच सूक्ष्म रूपाने बसलेला असतो. स्त्रीचा गर्भाशय ही केवळ जमीन. दुसरा पक्ष म्हणे, संपूर्ण देह स्त्रीच्या अंड्यातच पूर्वीपासून घडलेला असतो. पुरुषाचे वीर्य त्याला फक्त जागे करते. दुसऱ्या पक्षाच्या मते हे वळवळणारे जीव म्हणजे पोटातील जंतांसारखे परोपजीवी प्राणी, संततीशी संबंध नसलेले.

आपल्याकडेही 'बीज' आणि 'क्षेत्र' ही उपमा फार जुनी आहे. तिच्यात एक विसंगती आहे. बीज पुरुषाचे म्हणून वंशाचे श्रेय त्याला द्यावयाचे, आणि पीक आले नाही की दोष मात्र जमिनीला लावावयाचा.

स्पालांझानी दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे अंड्याला सर्वस्व मानणारे होते. जिनिव्हाचे विख्यात निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि बोने यांचाही हाच पक्ष होता. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील प्रयोगांचे मोल कळते.

बेडकांमध्ये मादी पाण्यात अंडी सोडते आणि तिला मिठी मारून बसलेला नर त्याच वेळी त्यांवर वीर्य सोडतो. फलन देहाबाहेर, डोळ्यांदेखत घडते. नराला तुमान घालून वीर्य अडवावे ही कल्पना प्रथम फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांची. परंतु तिची फलश्रुती स्पालांझानी यांच्या हातून झाली. तुमान घातलेल्या नरांनी मिठी सोडली नाही, माद्यांनी अंडीही घातली. पण त्यांतील एकाही अंड्याचा बेडूकमासा झाला नाही, सारी कुजली. मग त्यांनी तुमानीत साठलेले थेंब घेऊन दुसऱ्या अंड्यांना लावले. ती अंडी वाढली. नराचा सहवास, त्याची मिठी यांनी काही होत नाही. वीर्याचा प्रत्यक्ष स्पर्श हवा, हे सिद्ध झाले.

तथापि, स्पर्श कशाचा? वीर्यातून एक अदृश्य वाफ निघते आणि तीच गर्भ जागवते, असे कित्येक थोर वैद्य मानीत. स्पालांझानी यांनी काचेच्या एका वाटीत वीर्य ठेवले, वरच्या वाटीला आतून अंडी चिकटवली आणि दोन्ही वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या. वीर्याची वाफ होऊन अंड्यांवर दव जमले. तरी एकही अंडे वाढले नाही. खाली उरलेल्या वीर्यात तशीच अंडी बुडवली, ती वाढली. वाफेचे मत तेथेच निकालात निघाले. नंतर त्यांनी वीर्यात पाणी मिसळीत नेले. तीन ग्रेन, म्हणजे जेमतेम काही थेंब वीर्य, सुमारे अर्धा लिटर पाण्यात कालवले, तरी त्या पाण्याचा अंश अंड्याला पुरेसा होई.

आणि मग त्यांनी तो प्रयोग केला, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहिण्यास घेतला. वीर्य मिसळलेले पाणी त्यांनी टीपकागदातून गाळले. एका कागदातून गाळले तर त्याची शक्ती कमी झाली. कागदांचे थर वाढवीत नेले तशी ती आणखी घटली. शेवटी गाळून आलेले पाणी निष्फळ ठरले. मग ते कागद त्यांनी स्वच्छ पाण्यात पिळले आणि ते पाणी अंड्यांना लावले. अंडी वाढू लागली!

आज शाळेतील विद्यार्थीही सांगेल की, कागदावर शुक्रजंतू अडकून राहिले होते आणि फलन तेच करीत होते. परंतु स्पालांझानी यांनी तसे म्हटले नाही. कागदावर उरलेला वीर्याचा दाट भाग प्रभावी असतो, इतकेच त्यांनी नोंदवले. भेक जातीच्या बेडकांच्या काही नमुन्यांत आपल्याला जंतू दिसले नाहीत आणि तरीही फलन झाले, अशी त्यांची समजूत झाली होती. तिच्यावर विसंबून ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की, शुक्रजंतूंची संततीसाठी गरज नाही. सत्य त्यांच्या हातातील ओल्या कागदावर होते आणि त्यांनी ते ओळखले नाही.

यात धर्मश्रद्धा आड आली, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. चुकीच्या पक्षात धर्मगुरू होते, तसे धर्मगुरू नसलेले शास्त्रज्ञही होते. स्वतः बोने तर प्रॉटेस्टंट होते आणि धर्मगुरू नव्हते. आड आला तो पूर्वग्रह, जो कोणत्याही विद्वानाच्या मनात घर करतो. स्पालांझानी यांचे मोठेपण याच ठिकाणी दिसते, असे आमचे मत आहे. त्यांचे अनुमान चुकले, परंतु त्यांनी निरीक्षणाला हात लावला नाही. आपल्या मताला अडचणीचा ठरेल असा कागद पिळण्याचा प्रयोग त्यांनी लपवला नाही. किती थर, कोणते कापड, काय फळ, हे सारे १७८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात यथातथ्य लिहून ठेवले. पुढे येणाऱ्याला त्यांची चूक त्यांच्याच नोंदींवरून दुरुस्त करता आली.

त्याच ग्रंथात त्यांच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगाची हकीकत आहे. त्यांनी एक कुत्री खोलीत कोंडून ठेवली आणि खोलीची किल्ली स्वतःजवळ बाळगली. ती माजावर आल्यावर कुत्र्याचे १९ ग्रेन वीर्य देहाच्या उष्णतेइतक्या कोमट केलेल्या पिचकारीने तिच्या गर्भाशयात सोडले. ६२ दिवसांनी तिने तीन पिल्ले दिली, दोन नर व एक मादी. पिल्ले रंगरूपाने आईवर गेली होती, तशीच ज्याचे वीर्य घेतले त्या कुत्र्यावरही गेली होती. आपल्या शास्त्रीय जीवनात इतका आनंद क्वचितच लाभला, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले आहेत. देह जर आईच्या अंड्यात आधीच पूर्ण घडलेला असेल, तर पिल्लांनी बापाचा रंग कोठून घेतला, हा प्रश्न मात्र त्यांच्या सिद्धांताला अडचणीचा होता.

बर्फात थंड केलेले घोड्याचे शुक्रजंतू निश्चल होतात, परंतु ऊब मिळताच पुन्हा हालू लागतात, हेही त्यांनी १७७६ च्या सुमारास पाहिले होते. १९४९ साली इंग्लंडमधील पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलच्या साह्याने वीर्य गोठवून टिकवण्याची खात्रीची रीत शोधली, तेव्हा या निरीक्षणाचे खरे फळ मिळाले. आपल्या महाराष्ट्रात १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे 'बाएफ' ही संस्था स्थापन केली आणि गोठवलेल्या वीर्याने गाई फळवण्याची सोय शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली. गुरांच्या दवाखान्यातील 'कृत्रिम रेतन' हा शब्द आपल्या शेतकरी कुटुंबांना परका नाही. त्याची पहिली मुळे पावियाच्या त्या धर्मगुरूच्या खोलीत आहेत.

त्यांच्या निधनानंतर पाव शतकाने, १८२४ साली, जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि द्यूमा या दोघांनी गाळण्याचा तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी निष्कर्ष बरोबर निघाला : फलन शुक्रजंतू करतात. १८२७ साली फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम ओळखले. १८७६ साली ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री साळूच्या अंड्याच्या अभ्यासावरून दाखवून दिले की, शुक्रजंतूचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक यांचे मीलन होते. अंडे सर्वस्व नव्हते आणि शुक्रजंतूही सर्वस्व नव्हता. दोन अर्धे मिळून एक होत होते. 'ती दोघे एकदेह होतील' हे उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन ज्यांच्या कानांवर विवाहविधीपासून आहे, त्यांना या शोधाचे नवल वाटेल, परंतु तो परका वाटणार नाही.

शुक्रजंतूविषयीचे ज्ञान विसाव्या शतकात आणखी खोल गेले. १९५१ साली अमेरिकेत मिन चुए चँग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांना स्वतंत्रपणे आढळले की, ताजा शुक्रजंतू लगेच अंड्यात शिरू शकत नाही. स्त्रीच्या देहात काही काळ घालवल्यावरच त्याला ती क्षमता येते. म्हणजे पुरुषाचे बीज देखील स्त्रीच्या देहातच परिपक्व होते! शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. वृषणांचे तापमान देहापेक्षा थोडे कमी असावे लागते. मोठ्या वयात झालेले गालगुंड, वृषणातील फुगलेल्या शिरा, तंबाखू, अतिउष्ण जागेतील काम यांमुळे त्यांची संख्या किंवा चपळता घटू शकते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही भाग असतो, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केलेले सत्य आहे.

ज्ञानाबरोबर त्याच्या उपयोगाचा प्रश्न आलाच. बोने यांनी स्पालांझानी यांना लिहिले होते की, कुत्रीवरील हा प्रयोग एके दिवशी मनुष्यालाही लागू पडेल आणि त्याचे परिणाम लहानसहान नसतील. तसेच झाले. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी एका दांपत्यास पतीच्याच वीर्याने पिचकारीच्या साह्याने गर्भधारणा घडवून आणल्याची हकीकत १७९९ साली प्रसिद्ध झाली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईझ ब्राऊन ही परीक्षानळीतून उद्भवलेली पहिली बालिका जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी अशाच एका बालिकेचा जन्म झाला.

ख्रिस्तसभेने या वाटेवर सावधगिरीचा इशारा दिला आहे. १८९७ साली रोममधील पवित्र मंडळाने कृत्रिम गर्भधारणा अनुज्ञेय नसल्याचे कळवले. बाराव्या पायस यांनी १९४९ साली कॅथलिक डॉक्टरांपुढे तीच भूमिका विशद केली, आणि १९८७ च्या 'दोनुम व्हिते' व २००८ च्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजांनी ती सविस्तर मांडली. तिचा गाभा असा की, अपत्य पतिपत्नींच्या प्रेममीलनातून यावे, त्याची जागा यंत्रतंत्राने घेऊ नये. अपत्य हे वरदान आहे, हक्काने मागावयाची वस्तू नव्हे. आणि गर्भ हा फेकण्याचा जिन्नस नव्हे. मात्र त्याच शिकवणुकीत वंध्यत्वाची कारणे शोधून ती दूर करणाऱ्या संशोधनास स्पष्ट उत्तेजन आहे. आणि कोणत्याही मार्गाने जन्मलेल्या मुलाचे स्वागत प्रेमाने व्हावे, असा आग्रहही आहे. लुईझच्या जन्माच्या वेळी व्हेनिसचे धर्माध्यक्ष आल्बिनो लुचियानी यांनी ख्रिस्तसभेची शिकवण न सोडता त्या बालिकेस शुभेच्छा दिल्या होत्या आणि तिच्या मातापित्यांना दोषी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही असे म्हटले होते. थोड्याच आठवड्यांत ते पहिले जॉन पॉल म्हणून पोपपदी आले.

ज्ञान आणि त्याचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ओळखले पाहिजे. शुक्रजंतू काय करतो हे जाणण्यात पाप नाही. न जाणण्यात मात्र अन्यायाचा धोका आहे. म्हणून आमची आपल्या कुटुंबांना विनंती आहे. घरात पाळणा हलत नसेल, तर सुनेला एकटीला दवाखान्याच्या पायऱ्या चढावयास लावू नका. पतीने पहिल्याच दिवशी तिच्याबरोबर जावे आणि स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. पुरुषाची प्राथमिक तपासणी स्त्रीच्या तपासण्यांपेक्षा सोपी, कमी खर्चाची आणि बिनवेदनेची असते. नमुना कोणत्या रीतीने द्यावा याविषयी मनात शंका असेल, तर कॅथलिक डॉक्टरांचा व आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा. वैवाहिक संबंधाची मर्यादा राखणारी रीत उपलब्ध आहे. कित्येकदा कारण साधे असते आणि उपचाराने दूर होते. उपचार करूनही अपत्य झाले नाही, तरी ते लग्न अपुरे ठरत नाही. दत्तक घेण्याचा मार्ग आहे, आणि सेवेचेही अनेक मार्ग आहेत.

सारा, राहेल, हन्ना, एलिझाबेथ या स्त्रियांचे अश्रू पवित्र शास्त्रात नोंदलेले आहेत. हन्नेला तिची सवत डिवचीत असे, हेही नोंदलेले आहे, आणि शास्त्राची सहानुभूती डिवचणारीकडे नाही. स्पालांझानी यांनी टीपकागद पिळून जे दाखवून दिले, त्याचा पूर्ण अर्थ त्यांना स्वतःला लागला नाही. आपल्याला तो लागला आहे. पुढच्या बारशाच्या वेळी आपल्या घरातील एखादी निपुत्रिक सून मागे उभी असेल, तर तिला पुढे बोलावून बाळ तिच्या मांडीवर द्यावे. आणि तिच्या पतीने या तपासणीची गोष्ट आपणहून काढावी.